क्रूझवाल्यांची भाषा: जीटीवाय, ओबीसी, बी२बी म्हणजे नक्की काय

क्रूझ बुक करायच्या आधी आपण सगळेच नेटवर वाचायला बसतो आणि तिथं पहिल्याच पोस्टमध्ये असं काहीतरी लिहिलेलं असतं, "डीएचसोबत एफएलएलहून बी२बी, पहिल्या लेगला जीटीवाय बाल्कनी, दुसऱ्याला जेएस, टीएने ३०० ओबीसी दिलंय, एमडीआरला एमटीडी घेतलंय, डीबीपी घेऊ का नको?" आणि खाली पन्नास जण त्याच भाषेत उत्तरं देतात. नवीन माणूस तिथंच गार. पण हे एकदा फोडून घेतलं ना की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधी हेच वाक्य घेऊ.

डीएच म्हणजे डिअर हजबंड, म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्या बाईंचा नवरा. डीडब्ल्यू बायको, डीएस मुलगा, डीडी मुलगी. एफएलएल हा फोर्ट लॉडरडेलच्या एअरपोर्टचा कोड, पण क्रूझवाले तो बंदरासाठीही वापरतात, बंदराचं खरं नाव पोर्ट एव्हरग्लेड्स, मायामीच्या जरा वर. बी२बी म्हणजे बॅक टू बॅक, एक क्रूझ संपली की त्याच जहाजावर लगेच दुसरी, मधे घरी जायचं नाही, आणि त्यातली प्रत्येक क्रूझ म्हणजे एक लेग. (पहिली संपल्यावर शेजारच्या दुसऱ्या जहाजावर चढले तर त्याला साइड टू साइड म्हणतात.) जीटीवाय म्हणजे गॅरंटी केबिन, प्रकार आपण निवडायचा आणि नंबर कंपनी देते, जेएस म्हणजे ज्युनिअर स्वीट, बाल्कनीपेक्षा मोठी केबिन, टीए म्हणजे ट्रॅव्हल एजंट, ओबीसी म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, जहाजावर खर्च करायला मिळालेले पैसे. एमडीआर म्हणजे मेन डायनिंग रूम, एमटीडी म्हणजे माय टाइम डायनिंग, आपल्या सोयीच्या वेळेला जेवायला जायचं, आणि डीबीपी म्हणजे डिलक्स बेव्हरेज पॅकेज, दारूसकट सगळ्या ड्रिंक्सचं पॅकेज. म्हणजे बाई विचारतायत की आम्ही दोघं लागोपाठ दोन ट्रिपा करतोय, ड्रिंक पॅकेज परवडेल का. एवढंच.

आता माझं म्हणणं असं आहे की ही शॉर्टफॉर्म्सची यादी पाठ करत बसू नका, शेकडो आहेत. जी खिशाला लागतात, जी व्हिसाला लागतात आणि जी केबिनला लागतात ती आधी नीट समजून घ्या, बाकीची जहाजावर गेल्यावर आपोआप कळतात.

पैशाचे शब्द

पीपी म्हणजे पर पर्सन आणि डीओ म्हणजे डबल ऑक्युपन्सी, हे दोन शब्द जोडीनं येतात आणि इथंच आपल्याकडची बरीच माणसं फसतात. जाहिरातीत लिहिलेला रेट हा रूमचा नसतो, एका माणसाचा असतो आणि तोसुद्धा रूममध्ये दोन जण आहेत असं धरून. समजा ७ रात्रींची बाल्कनी ६०० डॉलर पीपी लिहिलीय तर दोघांचे झाले १२००, त्यावर टॅक्स आणि पोर्ट फी काही ठिकाणी वेगळी, आणि त्यावर टिप वेगळी. ही टिप म्हणजे डीएससी, डेली सर्व्हिस चार्ज, कोणी नुसतं ग्रॅच्युइटी किंवा ग्रॅट्स लिहितात. अमेरिकन कंपन्यांत साध्या केबिनला साधारण १६ ते २० डॉलर माणशी, दररोज. १८ धरा, ७ रात्री, दोघं, झाले २५२ डॉलर. चौघांचं कुटुंब असेल तर ५०४, कारण लहान मुलांचेही बहुतेक ठिकाणी धरतात. म्हणून कोणी "६०० ला मिळाली" असं लिहिलं की त्या ६०० मध्ये काय काय आलं ते विचारल्याशिवाय घरात जाहीर करू नका.

एकटे जाणार असाल तर सिंगल सप्लिमेंट हा शब्द बघा. रूम दोघांची असते म्हणून एकट्याकडून बऱ्याचदा दोघांचं भाडं घेतात, म्हणजे १०० टक्के सप्लिमेंट. आई किंवा वडील एकटे मुलाकडे अमेरिकेत आलेत आणि त्यांना वेगळी रूम द्यायचीय तर ती स्वस्त पडेल असं धरून चालू नका, तिसरा माणूस म्हणून एकाच रूममध्ये घेतला तर खूप कमी लागतात.

एनआरडी म्हणजे नॉन रिफंडेबल डिपॉझिट. रेट कमी दिसतो पण कॅन्सल केलं की डिपॉझिट गेलं. मला स्वतःला वाटतं की व्हिसा हातात यायचा असेल तोवर आपल्या लोकांनी एनआरडी घेऊच नये, थोडे जास्त गेले तरी रिफंडेबल घ्या, कारण अपॉइंटमेंट कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं आणि कंपनी ते कारण ऐकत नाही. एफपी म्हणजे फायनल पेमेंट, साधारण निघायच्या अडीच-तीन महिने आधी सगळे पैसे भरायची तारीख. त्या तारखेपर्यंत रेट खाली आला तर बऱ्याच कंपन्या, विशेषतः अमेरिकेत बुक केलेलं असेल तर, नवीन रेट लावून देतात, याला रीप्राइस म्हणतात, आणि जुनी मंडळी दर आठवड्याला रेट चेक करतात ती त्यासाठीच.

ओबीसीत एक बारीक गोष्ट आहे. रिफंडेबल असेल तर उरलेले पैसे परत मिळतात, नॉन रिफंडेबल असेल तर शेवटच्या रात्रीपर्यंत खर्च केले नाहीत तर बुडाले, म्हणून शेवटच्या दिवशी जहाजावरच्या दुकानात एवढी गर्दी दिसते. एफसीसी म्हणजे फ्यूचर क्रूझ क्रेडिट, कॅन्सल झालेल्या ट्रिपच्या बदल्यात पुढच्या ट्रिपला वापरायचे पैसे, त्याला मुदत असते आणि बहुतेकदा ते ज्याच्या नावावर त्यालाच वापरता येतं. एजंट म्हणाला की रिफंड येईल तर रोख का एफसीसी हे लेखी घ्या.

ड्रिंक पॅकेजबद्दल दोन गोष्टी. एक, पॅकेजच्या लिहिलेल्या रेटवर १८ ते २० टक्के टिप वेगळी चढते. दोन, बऱ्याच कंपन्यांत दारूचं पॅकेज रूममधल्या एका मोठ्या माणसानं घेतलं तर त्याच रूममधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं. आपल्याकडे काका घेतात आणि काकू घेत नाहीत हे अगदी कॉमन, तर दोघांचं पॅकेज भरून काकूंनी सात दिवस लिंबू सोडा प्यायचा यात काहीच अर्थ नाही, अशा वेळी काकांनी ग्लासाप्रमाणे पैसे देणं स्वस्त पडतं. फोन करून विचारलं तर न पिणाऱ्याला नुसतं सॉफ्ट ड्रिंकचं पॅकेज देऊन काही कंपन्या सोडवतात. चिअर्स लिहिलं असेल तर ते कार्निव्हलचं पॅकेज, एफएएस म्हणजे फ्री ॲट सी ही नॉर्वेजियनची ऑफर, आणि तिच्यात ड्रिंक फ्री म्हटलं तरी टिप भरावी लागते.

केबिनचे शब्द

इनसाइड म्हणजे खिडकी नसलेली, ओव्ही म्हणजे ओशन व्ह्यू, खिडकी आहे पण उघडत नाही, बाल्कनी म्हणजे बाल्कनी, आणि मग स्वीट. ऑब्स्ट्रक्टेड लिहिलं असेल तर समोर लाइफबोट किंवा लोखंडी खांब आडवा आहे. रॉयल कॅरिबियनच्या ओएसिस क्लासच्या मोठ्या जहाजांवर सेंट्रल पार्क बाल्कनी आणि बोर्डवॉक बाल्कनी असे प्रकार आहेत, त्या जहाजाच्या आतल्या बाजूला उघडतात. सेंट्रल पार्कवाल्या बाल्कनीतून झाडं दिसतात, माणसं दिसतात, समुद्र दिसत नाही. ज्याला ते आवडतं त्याला छान आहे पण आई-बाबांना समुद्र बघायला म्हणून घेऊन जाताय आणि रूममध्ये गेल्यावर खाली बाग दिसली तर वाईट वाटतं, म्हणून बाल्कनी शब्दाच्या आधी कोणता शब्द आहे तो वाचा.

जीटीवाय स्वस्त असते कारण तुम्ही फक्त प्रकार निवडता, नंबर कंपनी देते, कधीकधी निघायच्या दोन दिवस आधी. दोघंच असाल तर खुशाल घ्या. पण दोन-तीन रूम लागणाऱ्या कुटुंबानं घेऊ नका, एक रूम सहाव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, पुढं आणि दुसरी दहाव्यावर मागं असं होऊ शकतं आणि मग आजी-आजोबांना दर वेळी लिफ्टपर्यंत पूर्ण लांबी चालावी लागते. शेजारशेजार पाहिजे असेल तर नंबर निवडून घ्या, आणि कनेक्टिंग आणि अ‍ॅडजॉइनिंग यातला फरक बघा, कनेक्टिंगला मधे दार असतं, अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे फक्त शेजारी.

फॉरवर्ड म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, आफ्ट मागचा, मिडशिप मधला. पोर्ट म्हणजे पुढं तोंड करून डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी. बस लागते तशी ज्यांना बोट लागते त्यांनी मिडशिप आणि खालचा डेक घ्यावा, तिथं सगळ्यात कमी हलतं. आफ्टची बाल्कनी मात्र बघण्यासारखी, पाण्यावर जहाजाची पांढरी रेघ लांबपर्यंत दिसते.

अपग्रेड फेअरी असा शब्द दिसेल, म्हणजे कंपनीनं आपणहून वरची केबिन दिली. क्वचित होतं. रॉयल अप म्हणजे रॉयल कॅरिबियनची बोली लावायची सिस्टिम, तिथं बोली माणशी असते, रूमची नाही, आणि लागली की पैसे लगेच कापले जातात, नको म्हणता येत नाही.

क्लोज्ड लूप वाचलं की थांबा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सावकाश वाचा. अमेरिकन लोक सर्रास लिहितात, "क्लोज्ड लूप आहे, पासपोर्ट लागत नाही." क्लोज्ड लूप म्हणजे ज्या अमेरिकन बंदरातून निघालो तिथंच परत यायचं. पासपोर्टशिवाय, जन्माचा दाखला आणि फोटो आयडीवर जायची ही सवलत अमेरिकन नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवाल्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. आपल्याला पासपोर्ट लागतोच, परत आत येताना चालेल असा अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागतं आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा बघावा लागतो. मुलगा तिकडे सिटिझन, सून ग्रीन कार्डवर, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर, अशा घरात तर प्रत्येकाचं वेगळं बघायचं, एकाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालतं असं नाही.

दुसरा शब्द पीव्हीएसए. हा अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी न्यायचे नाहीत, मधे परदेशी बंदर घ्यायला हवं, असा त्याचा सार. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामास, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी अलास्का क्रूझ वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, बऱ्याचदा फक्त संध्याकाळी काही तास. अमेरिकन माणूस लिहितो की व्हिक्टोरियात काही नाही, मी तर जहाजावरून उतरलोच नाही. पण ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय पासपोर्टवाल्याला त्या काही तासांसाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, उतरा किंवा नका उतरू, आणि तो नसेल तर सिअ‍ॅटललाच चेक-इनवर अडवतात. पैसेही परत मिळत नाहीत. अलास्का क्रूझ ठरवताना पहिलं काम कॅनडाच्या व्हिसाचं, मग रूम, मग स्वेटर.

युरोपात हाच प्रकार शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा. ग्रीसहून निघून तुर्कस्तानातलं कुशादासी करून परत ग्रीसला आलात तर ती दुसरी एन्ट्री झाली. मॉन्टेनेग्रोचं कोटोर तसंच, तो देश शेंगेनमध्ये नाही, शेजारचा क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे. त्यामुळे मेडिटरेनियन क्रूझला व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच मागायचा आणि अर्जासोबत क्रूझचा पूर्ण रूट लावायचा.

कंपन्या आणि जहाजं

इथं पटकन जाऊ. आरसीआय किंवा आरसीसीएल म्हणजे रॉयल कॅरिबियन, एनसीएल नॉर्वेजियन, सीसीएल कार्निव्हल, डीसीएल डिस्नी, एचएएल हॉलंड अमेरिका. नुसतं एक्स लिहिलं असेल तर सेलिब्रिटी क्रूझेस, त्यांच्या धुराड्यावर मोठा एक्स असतो, तो खरं तर ग्रीक अक्षर आहे, कंपनी सुरू करणाऱ्या शांड्रिस घराण्याच्या नावाचं पहिलं अक्षर. एमएससी म्हणजे मेडिटरेनियन शिपिंग कंपनी, न्हावा शेवाच्या रस्त्यावर ट्रेलरवर पिवळे एमएससीचे कंटेनर दिसतात ना, तोच ग्रुप. क्यूएम२ म्हणजे क्वीन मेरी २, ती साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाते तेव्हा तिची माणसं क्रूझ म्हणत नाहीत, क्रॉसिंग म्हणतात.

टीए दोन अर्थानं येतो, ट्रॅव्हल एजंट आणि ट्रान्सअटलांटिक, वाक्यावरून ओळखायचं. रेपो म्हणजे रीपोझिशनिंग, सीझन बदलला की जहाज युरोपातून अमेरिकेला किंवा उलट नेतात, अशा ट्रिपा लांब आणि स्वस्त असतात, सी डे म्हणजे नुसत्या पाण्यावरचे दिवस भरपूर.

जीटी म्हणजे ग्रॉस टनेज. हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेलं रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज जवळपास अडीच लाख जीटीचं. आपल्या मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस साधारण ४८ हजारांचं, आणि ते १९९० मध्ये बांधलेलं रॉयल कॅरिबियनचंच जुनं जहाज. म्हणून आयकॉनचे व्हिडिओ बघून कॉर्डेलियाला जाऊ नका, तुलना होणार नाही, पण पहिल्यांदा क्रूझ कशी असते ते बघायला, व्हिसा न काढता, शाकाहारी-जैन जेवणासकट, ती चांगली आहे असं माझं मत आहे.

जहाजावर गेल्यावर

डब्ल्यूजे म्हणजे विंडजॅमर, रॉयल कॅरिबियनचा बुफे, दुसऱ्या काही कंपन्यांत लिडो म्हणतात. पहिल्या दिवशी दुपारी सगळे तिथंच घुसतात. स्पेशल्टी म्हणजे वेगळे पैसे लागणारी रेस्टॉरंट. शाकाहारी मंडळींनी एमडीआरला पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटावं आणि इंडियन व्हेज पाहिजे म्हणून सांगावं, बऱ्याच मोठ्या जहाजांवर दुसऱ्या दिवसापासून मेन्यूत नसलेली डाळ-भाजी-भात टेबलावर येते. विचारायला लाजू नका. आणि नावाची पाटी बघा, गोव्याचे, मुंबईचे, कोकणातले लोक क्रूमध्ये भेटतात, गोव्यात तर जहाजावर काम करणाऱ्या माणसाला तारवटी म्हणतात, तिथं ही पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी आहे, मराठी-कोकणीत दोन शब्द बोललात की त्यांना बरं वाटतं आणि तुम्हालाही.

मस्टर म्हणजे संकटाच्या वेळी जमायची जागा आणि त्याची प्रॅक्टिस. आता बऱ्याच ठिकाणी फोनवर व्हिडिओ बघून फक्त आपल्या स्टेशनवर कार्ड स्कॅन करायला जायचं असतं, त्याला ई-मस्टर म्हणतात. लोक लिहितात की पटकन उरकून बारवर या, ते ऐकू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची मस्टर अजून झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणीच ती व्हावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा सिग्नल घरातल्या मुलांनाही पाठ करून द्या.

स्पीकरवर कधी कोड ऐकू येतात. कंपनीप्रमाणे थोडं बदलतं, पण साधारण अल्फा म्हणजे कोणाची तब्येत बिघडली, ब्राव्हो म्हणजे आग, ऑस्कर म्हणजे माणूस पाण्यात पडला. वॉशी वॉशी म्हणजे जेवायच्या दारात हात धुवा म्हणून गाणं म्हणणारा माणूस, आणि नोरो म्हणजे नोरोव्हायरस, उलट्या-जुलाब. याला सॅनिटायझर पुरत नाही, साबणानंच हात धुवा.

चेअर हॉग म्हणजे सकाळी पूलच्या खुर्चीवर टॉवेल-चप्पल ठेवून दुपारपर्यंत गायब होणारे. हे करू नका. डक म्हणजे प्लास्टिकची छोटी बदकं, लोक जहाजावर लपवून ठेवतात, सापडलं तर घ्या किंवा परत लपवा, मुलांना फार आवडतं. एफई म्हणजे फिश एक्स्टेंडर, डिस्नीच्या जहाजांवर केबिनच्या दाराशी माशाच्या आकाराचा हूक असतो, त्याला पिशवी लटकवून एकमेकांना गिफ्ट द्यायची. दारावर मॅग्नेट लावायची पण पद्धत आहे, लांबलचक कॉरिडॉरमध्ये आपली रूम सापडते, फक्त उलट्या अननसाचं मॅग्नेट घेऊ नका, ती जोडीदार बदलण्यात रस असलेल्या जोडप्यांची खूण समजतात. दुकानात ते गोड दिसतं आणि लोक न कळता घेतात, म्हणून सांगितलं.

बंदरावर

टेंडर म्हणजे जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, सँटोरिनीला असंच आहे. व्हीलचेअर किंवा गुडघेदुखी असेल तर टेंडर पोर्ट आधी बघून ठेवा, लाटा असल्या की चढणं-उतरणं अवघड होतं, आणि हवा खराब असेल तर ते बंदर रद्दसुद्धा करतात. ऑल अबोर्ड म्हणजे परत चढायची शेवटची वेळ, बहुतेकदा निघायच्या अर्धा तास आधी. पियर रनर म्हणजे ती चुकवून धक्क्यावरून धावत येणारी माणसं, त्यांचे व्हिडिओ लोक वरच्या डेकवरून काढतात. कारण बऱ्याचदा एकच, फोन आपोआप लोकल टाइम दाखवतो आणि जहाज शिप टाइमवर चालतं. एक साधं मनगटी घड्याळ शिप टाइमला लावून ठेवा, आणि स्वतः टॅक्सी करून फिरत असाल तर ऑल अबोर्डच्या दीड-दोन तास आधीच परत या, कारण बाहेरच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, कंपनीची टूर असेल तर शक्यतो थांबतं.

शेवटच्या दिवशीचा शब्द सेल्फ असिस्ट, सगळ्या बॅगा स्वतः ओढत सकाळी सगळ्यात आधी उतरायचं. तरुण असाल आणि लवकरचं विमान असेल तर करा, आई-बाबा सोबत असतील तर आदल्या रात्री टॅग लावून बॅगा दाराबाहेर ठेवा, औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे तेवढे हातातल्या पिशवीत. फोलिओ म्हणजे जहाजाचं बिल, ते ॲपवर किंवा रूमच्या टीव्हीवर आदल्या संध्याकाळीच उघडून एकेक ओळ बघा, दोनदा लागलेली कॉफी, न घेतलेला फोटो, ओबीसी वजा झालंय का नाही, आणि काही चुकलं असेल तर जेवायच्या आधीच गेस्ट सर्व्हिसेसला जा, सकाळी तिथं लांब रांग लागते आणि उतरायची वेळ झालेली असते.